वीरगळ गल्लीतच राहील

२ मार्च, रविवार. उडदाच्या पापडांचं पीठ तिंबत होते, तेवढ्यात गल्लीत टेम्पो थांबला. खिडकीतून पाहिलं तर चार माणसं पहारी आणि दोर घेऊन वीरगळापाशी उभी.

हा वीरगळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गाई सोडवताना मेलेल्या कुणाचा तरी दगड. खाली गाई आणि दोन ओळी अक्षरं, मध्ये लढाई, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका. आमची सगळी रंगाऱ्यांची घरं. पूर्वी नवा रंग तयार झाला की कापडाआधी पहिलं बोट या दगडाला लागायचं. भट्ट्या कधीच विझल्या, बोट काही सुटलं नाही. गल्ली सोडून शहराच्या टोकाला हूटगळ्ळीला राहायला गेलेलेसुद्धा नवी गाडी घेतली की कुंकू कालवून इथे येतात. गेल्या वर्षी एकाने तर फाटकाचा उरलेला ऑइलपेंटच फासला. अक्षरं त्यात बुडाली.

पिठाच्या हातांनीच मी खाली गेले. बरोबर आलेला सरकारी अधिकारी तरुण होता.

"तुम्ही लोकांनी नासाडी केलीत याची, अम्मा. संग्रहालयाच्या गोदामात नेतोय."

"ऑइलपेंट ही आमची चूक. कबूल. पण गोदामात हा दिसणार कुणाला?"

"अभ्यासकांना."

"आणि इथल्या पोरांना?"

त्याने दोरवाल्यांना खूण केली. मी वीरगळाच्या चौथऱ्यावर बसले, दगडाला पाठ लावून.

"एळी अम्मा, उठा."

"उठणार नाही. पेंट काढणारा माणूस इथेच पाठवा. सावली आम्ही करू, जेवण आमच्याकडे. आपण काय करून ठेवलंय ते लोकांना बघू दे."

वरून सासूबाई ओरडल्या, "अय्यो! लग्न होऊन आल्यापासून त्या दगडाला कधी नमस्कार केला नाहीस, आज मांडी घालून बसलीस!"

"नमस्कार तुम्ही करा आई, बसायचं मी बघते."

हसत हसत चार बायका येऊन शेजारी बसल्या. अधिकाऱ्याने फोन केला, बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "उद्या साहेबांना घेऊन येतो. नवा रंग दिसला तर मात्र उचलणार."

टेम्पो रिकामा गेला आणि त्याच बायका माझ्यावर उलटल्या. शेजारीण म्हणाली, "उद्या माझा मुलगा नवी बाईक आणतोय. पहिलं बोट कुठे लावू, तुझ्या कपाळाला?"

"कुठेही लाव. या दगडाला नाही."

ती तोंड फिरवून गेली. नुसतं नको म्हणून ती ऐकणार नव्हती, हे मला कळत होतं. बोट टेकायला जागा लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला रजा टाकली. परसातली कपडे धुवायची शिळा नवऱ्याला आणि दिराला उचलायला लावली, वीरगळापासून चार हात लांब रोवून घेतली. कुंकू कालवलं आणि पहिलं बोट तिच्यावर मीच ओढलं. मग घरातून खुर्ची आणून वीरगळासमोर ठेवली आणि साहेबांची वाट बघत बसले.