फॉरेनचं आहे, तिथं चालतं

चार महिन्यांपूर्वी येडशीला भावाकडं गेले होते, तिथं घडलेलं आज लिहितेय. पूजाला, म्हणजे भावाच्या सुनेला, विचारूनच लिहितेय.

पूजाला तेव्हा तिसरा महिना होता. थोरली लेक चार वर्षांची, अंगणात शेंगा फोडत बसलेली. मी टेकते न टेकते तोच वहिनींनी मोबाइल पुढं केला.

"वन्सं, तुमी शिकलेल्या. पत्ता बरोबर भरलाय का बघा जरा."

मला वाटलं, साडी मागवली असेल. चष्मा लावला... आणि वाचतच राहिले. परदेशातली कुठलीशी वेबसाइट. वर मराठीत लिहिलेलं, बाळ मुलगा की मुलगी, घरबसल्या जाणून घ्या. ते घरी सुई आणि पाकीट पाठवणार, आपण बोटातून रक्ताचे थेंब काढायचे, पाकिटात घालून पाठवायचे, उत्तर मोबाइलवर.

गर्भलिंग निदानाच्या विरोधात मी दरवर्षी शाळा-कॉलेजांत घसा कोरडा करते. वहिनी त्यातल्या दोन भाषणांना पहिल्या रांगेत होत्या. आणि आता पत्ता तपासायला त्या मलाच सांगत होत्या.

"वहिनी, हा गुन्हा आहे."

"गुन्हा हितल्या दवाखान्यात. म्हणून तर सोनोग्राफीवाले सांगत न्हायत," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "हे फॉरेनचं हाय. तिथं चालतंय. तुमीच म्हनता ना, कायदा मोडू नका? मग... मोडलाच न्हाय की."

"आणि मुलगी आहे असं कळलं तर?"

वहिनी शेंगांची टरफलं गोळा करायला लागल्या. पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रक्त तिच्या बोटातून जाणार होतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मी ऑर्डर पुढं जाऊ दिली नाही. त्याच वेबसाइटवर 'आमच्याशी बोला' असं बटण होतं, तिथं लिहिलं की भारतात हे करायला आणि याची जाहिरात करायला, दोन्हीला बंदी आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं... आमची कंपनी तुमच्या देशात नाही, आम्हाला आमच्या देशाचा कायदा लागू होतो, आपली ऑर्डर पूर्ण करायची का?

माझं डोकं फिरलं ते यामुळं नाही. त्यांच्या जिल्ह्यांच्या यादीत 'धाराशिव' होतं, म्हणून फिरलं. आमच्याकडच्या कितीतरी पाट्यांवर अजून जुनंच नाव आहे, आणि यांना मात्र नवं नाव पाठ.

परदेशातला ड्रायव्हर नळदुर्गच्या हायवेवर आला तर 'आमच्याकडं उजवीकडून चालवतात' म्हणत समोरून अंगावर येईल का? आमच्या रस्त्यावर यायचं असेल तर आमच्या बाजूनं चालवायचं. यात अवघड काय आहे?

मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. एखाद्या सरकारला नको असलेलं लिखाण दुसऱ्या देशातल्या वेबसाइटवर जिवंत राहतं, हे मला माहीत आहे, आणि ते राहावं असंच वाटतं. उद्या प्रत्येक सरकार 'आमचा कायदा' म्हणून जगभरची तोंडं बंद करायला निघालं, तर त्याविरुद्धही मी उभी राहीन. पण कुणीतरी लिहिलेलं आपण शोधून वाचणं वेगळं... आणि त्यांनी आपल्या भाषेत, आपला तालुका विचारून, घरात सुई पाठवणं वेगळं. तुम्ही दारापर्यंत आलात ना? मग दारातले नियम पाळा.

दुसऱ्या दिवशी त्या वेबसाइटच्या पानांचे फोटो आणि तक्रारीचा अर्ज घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. गर्भलिंग निदानाच्या तक्रारी बघणारे तिथले अधिकारी माणूस म्हणून चांगले. कागद नीट वाचून म्हणाले, "मॅडम, सोनोग्राफीचं मशीन असतं तर आत्ता जाऊन सील केलं असतं. ह्याला सील कुठं ठोकू?"

"ते तुम्ही वर विचारा. पण तक्रार घेतल्याची पोच द्या, त्याशिवाय मी उठत नाही."

ते हसले. पोच दिली, आणि वर पत्रही पाठवलं. नंतर मी दर आठवड्याला फोन करत राहिले... तिकडं वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग एक दिवस ते पान उघडलं तर त्यावर एकच ओळ. 'ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही.'

म्हणजे आपला भाग कुठून सुरू होतो, हे त्यांना बरोबर कळत होतं! पाळता येत नव्हतं असं नाही, पाळायचं नव्हतं. उद्या दुसऱ्या नावानं उघडतील, मला माहीत आहे. मी पुन्हा तक्रार करीन, पुन्हा पोच घेईन.

पूजाला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, सारखं भांडाय जमत न्हाय ओ घरात. कायदा हाय म्हनलं की तेवढ्यावर भागतंय."

कायद्यावर मी इतकी भाषणं केली... हे एकदाही सुचलं नव्हतं.

परवा पूजाचं डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी भरली, ओटी भरली, आणि शेजारणीनं झाकलेल्या दोन वाट्या आणल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी... सगळ्या बायका पुढं सरकल्या.

खोटं कशाला बोलू, आजवर पेढा निघाल्यावर मीही जोरात टाळ्या वाजवल्यात. तिथं बसल्या बसल्या मला तेच आठवत होतं. पूजाचा हात वाट्यांच्या वर थांबला होता.

वहिनी उठल्या. माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोन्ही वाट्यांवरची झाकणं स्वतःच काढली.

"झाकायचं कशाला? दोन्ही खा पूजा, पोटभर." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आन् वन्सं, आता भाषण नगं. जेवाय बसा."

मी गुमान जेवायला बसले. पूजानं पेढा खाल्ला, अर्धी बर्फी थोरलीच्या तोंडात घातली... आणि माझं राहिलेलं भाषण मी आज इथं केलं.