चोवीस डबे पाणी, चोवीस सेल

देवापुढे दिवा लावला की रोज वहीत चार ओळी लिहायच्या, असा माझा नेम आहे. आज चार ओळींत भागायचं नाही. आज वन्संच्या होडीची परीक्षा झाली.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. एकतीस वर्षं त्या तळ्यावर माणसं पोचवतात. लोक त्यांना ‘कप्तानबाई’ म्हणतात. त्या वरवर रागावतात आणि मनातून सुखावतात. हे तळं सगळं गाव पितं, म्हणून यंदा हुकूम निघाला: डिझेल बंद, होड्या विजेवर चालवा. एकदा चार्ज करून, भरल्या होडीने सहा फेऱ्या करून दाखवल्या तर परवाना. नाहीतर होडी कायमची काठावर. दुसरी संधी नाही.

जुनं जड इंजिन निघालं, मोटर बसली. आता बॅटरी कोणती? बॅटरीवाला लिथियमच्या चार पेट्या बसवून बघायला घेऊन आला. “बाई, सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आत. होडी पिसासारखी होईल.”

झाली खरी पिसासारखी. पाण्यात सोडताच मागची बाजू अशी वर आली, की पंख्याची पाती बाहेर डोकावू लागली. मोटर सुरू केली तर नुसता फेस! धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, “कप्तानबाई, लोणी आलं का वर?” सगळे खो खो हसले.

वन्सं मात्र होडीच्या अंगावरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत होत्या. रिकाम्या होडीला पाणी कुठवर टेकतं, त्याची ती खूण. दर वर्षी त्या स्वतःच्या हाताने रंगवतात. त्या दिवशी ती रेघ वीतभर वर आली होती.

“ताई, मागे दगड टाकू,” हे म्हणाले. “वजन झालं की झालं.”

“दगड काय करणार? नुसते बसून हिंडणार, तुझ्यासारखे?”

मग वन्संनी पेट्या उतरवल्या आणि शेजारपाजारच्या घरांतून पाण्याचे वीस लिटरचे डबे गोळा केले. भरला की एक डबा वीस किलोचा. एकेक डबा होडीत उतरला. चोविसाव्याला रेघ पाण्याला टेकली. तरी त्यांचं समाधान होईना. दोन डबे पुढे, एक डावीकडे, परत उजवीकडे; होडी सरळ बसेपर्यंत आमची कंबर मोडली. मग प्रत्येक डब्याभोवती खडूने चौकोन काढला. मी वहीत आकडे मांडत होते. “लिही नीट, तुझी वही पहिल्यांदाच कामाला येतेय,” इति वन्सं.

शेवटी सहा डबे काढून तिथे त्याच लिथियमच्या पेट्या ठेवल्या आणि माणसं भरून एक फेरी मारली. मीटरने एक युनिट खर्च दाखवला. एवढं हाती आल्यावर त्या बॅटरीवाल्याच्या दुकानात गेल्या आणि सरळ विचारलं, “वीस किलोचा सेल कोणता आहे?”

होता. गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांना लागतो तो, शिशाचा. चोवीस जोडले की मोटरला हवी तेवढी वीज, पंधरा युनिट साठा.

“पण बाई, हे जड, जुनाट. आणि निम्म्याहून जास्त वापरले तर लवकर मरतात.”

“मग निम्मेच वापरीन. निम्मे म्हणजे साडेसात, मला लागतात सहा. ओझं न्यायचंच आहे, तर कामाचं नेऊ.”

आज तपासणीचे साहेब पुढे बसले, मी मागे. चौथ्या फेरीला वारा समोरून आला आणि मीटर भराभर उतरू लागलं. ह्यांचा चेहरा पडला. मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं.

“अगं, मनातल्या मनात,” वन्सं म्हणाल्या. “इंजिनाचा आवाज गेला आता. साहेबांनाही ऐकू जातंय.”

साहेब हसले. वन्संनी मात्र वेग कमी केला. “वाऱ्याशी भांडलं की दुप्पट खाते ही. वेळेची अट कुठे आहे कागदात?” नव्हती. होडी संथ, सरळ चालत राहिली, पंखा पाण्याखाली.

सहावी फेरी धक्क्याला लागली तेव्हा मीटरवर पंचावन्न टक्के उरले होते. साहेबांनी तिथेच सही केली. लोक ओरडले, “सातवी होऊन जाऊ दे!”

“नाही,” वन्सं म्हणाल्या. “बॅटरी निम्म्याच्या खाली जाईल. माझा तिला शब्द आहे.”

इतकी माणसं कौतुकाने बघत असताना हात आखडता घ्यायला केवढं काळीज लागतं! माझे डोळे भरून आले. दोर पकडायला कोण धावलं, तर लोणीवाला. “कप्तानबाई, उद्या पहिली फेरी कधी?”

“सातला. आणि मधे बस. तुझ्यामुळे माझी रेघ तिरकी व्हायला नको.”