बर्फावरची स्कूटर हळू चालेना

गॅरेजवाल्यांना किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन घरी जाते, तिचा किस्सा आमच्याकडेच राहतो. चहाच्या वेळी एक सांगायला घेतला की त्याच्या मागून चार निघतात. आणि आमच्या गॅरेजचे निम्मे किस्से तर एकट्या त्या बर्फाच्या स्कूटरचे आहेत.

इंदूरमध्ये कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांमागच्या गल्लीत आमचं गॅरेज. माझा नवरा मिलिंद, त्याचे काका म्हणजे आमचे नाना, आणि मी. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घेतो, ज्यांना दुसरे हात लावत नाहीत. नाना फौजेत मेकॅनिक होते, महूला रिटायर झाले. घरी बसून कंटाळले म्हणून रोज बसने आमच्याकडे येतात आणि आम्हाला कामाला लावतात.

राठौरजींचं मानपूरच्या पुढे हायवेला रिसॉर्ट आहे. त्यांच्या डोक्यात आलं की माळव्यातल्या मुलांना बर्फ दाखवायचा. मोठी शेड टाकली, बर्फाच्या लाद्या फोडून पसरायचं ठरवलं आणि पहाडातून एक सेकंडहँड स्नोमोबिल मागवली. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये स्कूटरसारखी सीट. मुलांना तिच्यावरून सावकाश एक फेरी मारून आणायची, एवढंच काम. आणि नेमकी तीच गोष्ट तिला जमत नव्हती. फुल रेस दिली की वाघासारखी पळायची. हळू चालवायला गेलं की दबायची, घुसमटायची आणि बंद पडायची.

उद्घाटनाला एका शाळेची मुलं येणार होती. राठौरजी हात जोडून म्हणाले, "भाभीजी, तेज तो ये बहुत बढ़िया चलती है। पर तेज चलाओ तो शेड खतम हो जाता है।"

*

ती आमच्याकडे आली तोच एक किस्सा. लोडिंग टेम्पोत उभी करून, दोरीनं बांधून आणत होते. चौकात ट्रॅफिकवाल्या साहेबांनी थांबवलं. ही कोणती गाडी, टू-व्हीलर की थ्री-व्हीलर? मिलिंदनं सांगितलं, साहेब, बर्फावर चालते. साहेबांनी टेम्पोभोवती चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, पट्टा दाबून पाहिला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता.

शेवटी त्यांनी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "भिया, निकल ले यहां से। इसमें पहिया ही नहीं है, चालान किस बात का काटूं?"

*

हिचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. मिलिंदनं मोबाइलवर शोधलं तर सगळं इंग्रजीत. जिथे तिथे एकच शब्द: बॉग. लो स्पीडला इंजिन बॉग होतं. आम्हाला हा शब्द नवा. तेवढ्यात जोशी सर आले. सर भंवरकुआंला कोचिंगमध्ये इंग्रजी शिकवतात, आणि त्यांची जुनी मोटरसायकल आमच्याकडे पिस्टनच्या कामासाठी पडून होती. त्यांना विचारलं.

सरांनी चष्मा पुसला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं की बॉग म्हणजे दलदल. चिखल.

मी म्हटलं, सर, इंजिनमध्ये चिखल कसा असेल? सर म्हणाले, ते तुमचं डिपार्टमेंट, माझं काम अर्थ सांगायचं.

नाना उठले. पेट्रोलची टाकी सोडवली आणि परातीत उलटी केली. तळातून जुन्या पेट्रोलचा आणि ऑइलचा काळा, चिकट गाळ पडला, अगदी नाल्यातला वाटावा असा. सरांनी परातीत पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते आमच्या गॅरेजमध्ये खुर्ची मागून घेतात.

*

गाळ काढला, कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग बदलला. मशीनचं मागचं अंग स्टँडवर उचललं, म्हणजे पट्टा हवेत फिरेल आणि गाडी जागेवर राहील. स्टार्ट केली. रेस हलकेच वाढवली की पुन्हा तेच. दबली, खोकली, बंद.

मग गल्लीतले सगळे डॉक्टर जमले. पानवाल्याचं म्हणणं, सायलेंसर चोक आहे. पोहेवाल्याचं म्हणणं, तिला इथली गरमी सहन होत नाही, वरून बर्फ ठेवा. नाना म्हणाले, इंजिनचा बेल्ट ढिला आहे. बेल्ट बदलला. काही फरक नाही. नाना म्हणाले, मग नवा बेल्ट पण ढिला आहे.

मिलिंद वैतागला. त्यानं फुल रेस देऊन पाहिली. पट्टा भर्रकन फिरला आणि त्याच्यात अडकलेलं पहाडातलं सगळं चिखलपाणी मागे उडालं. मागे बरोबर राठौरजी उभे होते, पांढऱ्या कुर्त्यात, काम कुठवर आलं ते बघायला. आम्हाला वाटलं, आता गाडी परत नेतात.

ते खिशातून रुमाल काढून तोंड पुसत म्हणाले, "पिकप तो मान गए।"

*

खरं कारण सापडलं ते माझ्या डब्याच्या पिशवीमुळे. मी हुशारी केली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही.

दुपारी जेवायला बसायचं होतं. हात काळे, पिशवी जमिनीवर ठेवायची नव्हती. हँडलजवळ एक काळी मूठ दिसली, तिला अडकवली. मिलिंद इंजिन चालू ठेवून कान लावून बसला होता. अचानक त्यानं मान वर केली. इंजिन एकसारखं, शांत चालत होतं. त्यानं हळू रेस दिली. दबलं नाही. अजून थोडी दिली. नाहीच दबलं.

मला भूक लागली होती, मी पिशवी काढली. इंजिन बंद.

मिलिंद ओरडलाच, "पिशवी परत लाव!"

लावली. स्टार्ट केली, चालली. काढली, बंद. नाना फार खुश झाले. त्यांचं मत पडलं की राठौरजींना पिशवीसकट गाडी देऊन टाकू, वरण-भात तेवढा रोज ताजा भरायचा.

मिलिंद मात्र हसला नाही. ती मूठ चोकची होती. पिशवीच्या वजनानं चोक ओढला जात होता, म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त मिळत होतं. म्हणजे एरवी कमी पडत होतं. पण कार्बोरेटर तर साफ होता. मग नानांनी जेवता जेवता घास खाली ठेवला आणि विचारलं, ही आली कुठून? राठौरजींना फोन लावला. ते म्हणाले, फार उंचावरून, जिथे माणसालाही दम लागतो. तिथे हवा पातळ, म्हणून तिथल्या मिस्त्रीनं पायलट जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, लहान बसवला होता. तिथल्या मानानं इंदूरची हवा दाट. इथे हवा पोटभर, पेट्रोल उपाशी.

*

आता मोठा पायलट जेट हवा. बाजारात दोन दिवस फिरलो, मिळाला नाही. मग मिलिंदची नजर कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या जोशी सरांच्या मोटरसायकलवर गेली. मी म्हटलं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फोन केला. सर वर्गात होते, तरी उचलला. मी समजावून सांगितलं की तुमच्या कार्बोरेटरमधला एक पितळी दाणा पाहिजे, तांदळापेक्षा थोडा मोठा, नवा आला की तुम्हाला बसवून देऊ.

सरांनी एकच अट घातली. उद्घाटनाला त्यांना घेऊन जायचं.

दाणा बसला आणि गाडी अशी हळू चालायला लागली की स्टँडवर पट्ट्याचे दाते मोजता यावेत. मानपूरला सर सूट घालून आले. लोक विचारायचे, आप कौन? सर त्या स्नोमोबिलकडे बोट दाखवायचे आणि सांगायचे, "इसका थोड़ा सा हिस्सा मेरा है।"

*

त्याच दिवशीचा हा शेवटचा.

मुलांच्या आधी एक ट्रायल फेरी व्हावी, आणि ती नानांनी मारावी, असं राठौरजी म्हणाले. शेडमध्ये बर्फ पसरलेला, शाळेची मुलं दोरीपलीकडे उभी. नाना गाडीजवळ गेले आणि तिथेच थांबले. मग हळूच मला म्हणाले, "सूनबाई, मी ही फक्त दुरुस्त केली आहे गं. फौजेत आम्ही पाना फिरवून द्यायचो, चालवायचे दुसरे."

मी काही बोलणार तोच काकू पुढे आल्या. म्हणजे नानांची बायको. महूच्या गल्ल्यांतून रोज स्कूटी चालवतात. त्यांनी मिलिंदला विचारलं, रेस कुठली आणि ब्रेक कुठला. पदर खोचला, शाल आवळली आणि पुढच्या जागेवर बसल्या.

"बसा मागे," त्या नानांना म्हणाल्या.

नाना बसले. आधी सीटला धरलं. गाडी हलली तशी काकूंच्या कमरेला धरलं. अख्ख्या आयुष्यात या माणसानं बायकोबरोबर रस्त्यानं चालताना दोन पावलांचं अंतर कधी कमी होऊ दिलेलं नाही. गाडी बर्फावरून चालत्या माणसाच्या चालीनं निघाली. दबली नाही, खोकली नाही. मुलं टाळ्या वाजवत होती. काकू समोर बघत होत्या आणि नानांची हनुवटी त्यांच्या खांद्याला टेकलेली.

फेरी मारून दोघं आमच्यासमोर येऊन थांबले. राठौरजी पुढे झाले, मिलिंदनं नानांना उतरवायला हात दिला.

नानांनी तो धरला नाही. डोकं कलतं करून ते इंजिनचा आवाज ऐकत राहिले. मला तर इंजिन अगदी साफ ऐकू येत होतं.

"काहीतरी खटखट येतीये," ते म्हणाले. "अजून एक राउंड मारून बघावं लागेल."

मिलिंद पाना आणायला वळला. पण काकूंनी रेस दिली होती.