कावळ्याला दिलेला शब्द

माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना मी एका कावळ्याच्या आग्रहाखातर खेळलो.

हे वाक्य आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "कावळ्याचं ठीक आहे हो, पण सामना?" म्हणून सगळं पहिल्यापासूनच सांगतो.

आमचे बापूकाका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे म्हणा किंवा मुळातल्या हौसेमुळे म्हणा, कॉलनीतली पोरं गोळा करून त्यांनी 'उजेड स्पोर्ट्स क्लब' काढला होता. (वीजकेंद्राच्या कॉलनीत दुसरं काय नाव ठेवणार!) निवृत्त झाल्यावर त्यांना फुटसालचं वेड लागलं. फुटसाल म्हणजे फुटबॉलचं धाकटं भावंड. पाच-पाच खेळाडू, छपराखालचं छोटं मैदान आणि फारसा न उसळणारा जड चेंडू. काका बॅडमिंटनच्या सिमेंटच्या कोर्टावर पोरांना घाम गाळायला लावायचे आणि मी बाजूला कठड्यावर बसून भेळ खायचो.

"मोहन, तू गोलमध्ये उभा राहा," ते मला दर रविवारी म्हणायचे.

"काका, मला काही येत नाही."

"काही करूच नकोस. नुसता उभा राहा. तुझा घेरच एवढा आहे की बॉलला जागा सापडणार नाही!"

मी पतसंस्थेत कारकून. खुर्चीवरून उठायचं तर मला सबळ कारण लागतं. मी दर वेळी "बघू" म्हणायचो आणि भेळ संपवायचो.

मग नाशकात आंतरराष्ट्रीय क्लब फुटसाल स्पर्धा भरणार असल्याची बातमी आली. नेपाळचा एक क्लब येणार होता, श्रीलंकेचा एक, आणि बाकीचे आपल्याकडचे. काकांनी सगळ्यांच्या आधी 'उजेड'चं नाव नोंदवलं. पहिलाच सामना नेपाळच्या क्लबशी आहे हे कळल्यावर तर त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. हरायच्या आधी पेढे वाटणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

तेवढ्यात माशी शिंकली. आमचा गोलकीपर विलास पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होता. हंगाम ऐन भरात, परदेशी माल जायचा, सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. काका हवालदिल झाले. येईल त्याला विचारायचे, "गोलमध्ये कोण?" दूधवाल्यालाही विचारलं. तो बिचारा "एक लिटर" म्हणाला.

आणि एका सकाळी चहाचा अर्धा कप तसाच ठेवून काका गेले. काही दुखणं नाही, खुपणं नाही. सायकल चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, दहावीला गणितात नापास झाल्यावर घरी सांगायला तेच सोबत आले होते. त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो. अग्नी मी दिला, कारण मुलाच्या जागी मीच होतो.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर जमलो. माझं मुंडण झालं. गुरुजींनी विधी केले, पिंड ठेवला आणि सगळे हात जोडून कावळ्याची वाट पाहू लागले.

आता रामकुंडावरचा कावळा म्हणजे काय सांगावं! रोज इतक्या घरची पानं समोर येतात की त्याला भूक कशी ती ठाऊकच नसते. आमच्या पिंडासमोरच्या भिंतीवर एक जाडजूड कावळा येऊन बसला. पिंडाकडे पाहिलं, मान फिरवली आणि पंख साफ करायला लागला. शेजारचे लोक आमच्यानंतर आले आणि आमच्या आधी शिवून घेऊन गेलेही.

सिन्नरची आत्या पुढे झाली. "दादा, कशात जीव आडकलाय रं तुझा? वहिनीची काळजी नको करू. आम्ही हाय ना!"

कावळा ढिम्म.

"गच्ची गळते, ती आम्ही दुरुस्त करून घेऊ," माझे वडील म्हणाले.

कावळ्याला गच्चीत रस नव्हता.

"तुमच्या स्कूटरला रोज किक मारत जाऊ," कोणीतरी म्हणालं. त्यावर कावळा चक्क पाठ करून बसला. ऊन चढत चाललं. माझ्या नव्याकोऱ्या टकलावर तर पापड भाजून निघाला असता! गुरुजींचे दुसरे यजमान खोळंबले होते. ते हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

"नाही," काकू म्हणाली. दहा दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "खरा शिवल्याशिवाय मी इथून उठणार नाही. ह्यांचं मन राहिलंय कशात तरी."

तेव्हा मागून क्लबचा कॅप्टन रवी रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, आपली टीम खेळणार! मॅच सोडणार नाही आम्ही!"

कावळ्याने मान वळवली. कावळा एक उडी मारून पुढे आला आणि थांबला. त्याचं आणखी काहीतरी बाकी होतं. सगळ्यांच्या नजरा रवीकडून हळूहळू माझ्याकडे वळल्या. कावळाही माझ्याचकडे पाहत होता, एक डोळा मिटून.

"काका," मी हात जोडले, "गोलमध्ये मी उभा राहतो."

शब्द पुरता तोंडाबाहेरही पडला नव्हता, तोच कावळ्याने झेप घेतली आणि पिंडात चोच घातली! काकूने हंबरडा फोडला, आत्याने माझी दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली, गुरुजींनी घड्याळ पाहिलं. साऱ्या गोतासमोर, गोदेच्या काठावर, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. यातून मोकळं व्हायला शास्त्रात सोय नव्हती. (मी गुरुजींना विचारलं होतं.)

तेराव्यानंतरच्या रविवारी सामना. विलासची पिवळी जर्सी माझ्या छातीपर्यंत आली आणि तिथेच अडली. काकूने दोन्ही बाजू उसवून काकांच्या खाकी पँटचे पट्टे जोडून दिले. जर्सी माझ्या हातात देताना म्हणाली, "मोहन, शेवटपर्यंत उभा राहा बाबा. मधेच निघून आलास तर ते पुन्हा अडकतील कुठेतरी."

मी मान डोलावली. गोल किती होतील याची तिला चिंता नव्हती. तिला फक्त काका मोकळे व्हायला हवे होते आणि ते काम माझ्याकडे आलं होतं.

हॉलमध्ये आम्ही पोचलो ते काकांची हार घातलेली तसबीर घेऊन. रवीने ती संघाच्या बाकावर ठेवली. पंच धावत आले.

"बाकावर फक्त नोंदवलेल्या लोकांनाच बसता येतं."

"साहेब, ह्यांचं नाव नोंदवलंय," रवी म्हणाला. "कोच म्हणून."

पंचांनी हातातला कागद पाहिला, तसबीर पाहिली, आणि तसबीर जरा सरळ करून ठेवली.

सामन्याआधी काकांसाठी मौन पाळायचं ठरलं. सगळा हॉल उभा राहिला. मी गोलमध्ये हात जोडून डोळे मिटले. काकांचा अर्धा कप चहा आठवला, सायकल आठवली. किती वेळ गेला कोण जाणे! पायाशी काहीतरी सुळकन गेल्यासारखं वाटलं म्हणून डोळे उघडले, तर चेंडू जाळ्यात होता. मौन संपून, शिट्टी होऊन खेळ सुरूही झाला होता. पहिला गोल मी श्रद्धांजली वाहतानाच खाल्ला.

गोल मारणारा नेपाळचा कॅप्टन आनंदाने हात वर करणार, एवढ्यात त्याचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. तो जवळ आला.

"दाई," तो म्हणाला, म्हणजे त्यांच्याकडे दादा, "घर में कौन गया?"

"काका," मी म्हणालो. "मैंने आग दिया."

त्याचा चेहरा पडला. त्यांच्याकडेही घरचं माणूस गेलं की मुंडण करतात, त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने माझ्यासमोर हात जोडले, मग आपल्या खेळाडूंना बोलावून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. पाचही जण गंभीर झाले.

मला वाटलं, आता जरा दया दाखवतील. पण स्पर्धा ती स्पर्धा! ते गोल मारतच राहिले. फरक एवढाच झाला की गोल मारला की नाच नाही, आरडाओरड नाही. मारणारा माझ्याजवळ यायचा, मान खाली घालून हात जोडायचा आणि परत जायचा. मीही सवयीने हात जोडायचो. थोड्या वेळाने तर सामना कमी आणि सांत्वनाला आलेल्या लोकांची रांग जास्त, असं दिसायला लागलं. दोन-तीन जणांना मी चुकून "चहा घेऊन जा" म्हणालो.

"आरं, हात तरी पसर!" प्रेक्षकांतून आत्या ओरडली. "लय लांबनं मारतोय त्यो! वाक जरा!"

मी वाकलो. चेंडू वरून गेला. मी ताठ झालो. पुढचा पायांमधून गेला.

मग लोडशेडिंग झालं. हॉलभर काळोख. 'उजेड'चे सगळे खेळाडू वीजकेंद्रातल्यांची पोरं, त्यांना तोंड लपवायला बरं झालं. जनरेटर सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला आणि तेवढ्या वेळात आम्ही एकही गोल खाल्ला नाही. आमच्या बचावाचा तो सर्वोत्तम काळ होता.

मध्यंतराला रवी चाचरत म्हणाला, "मोहनदादा, तुम्ही शब्द पाळलाय. आता अर्धा वेळ मी गोलमध्ये थांबतो. निदान स्कोअर तरी बरा दिसेल."

मला हर्ष झाला! मी हातमोजे काढायलाही लागलो. तेवढ्यात बाकामागे बसलेल्या काकूकडे लक्ष गेलं. तिने फक्त पदराने तसबिरीची काच पुसली. मी हातमोजे परत चढवले.

मध्यंतरानंतर पाहुण्यांना खरोखरच माझी दया आली. ते चेंडू हळू मारायला लागले. हळू मारलेला चेंडू अडवता न येणं हे जास्त अपमानाचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक चेंडू तर इतका सावकाश आला की तो येताना मी त्याच्यावरची अक्षरं वाचली. वाचून होईपर्यंत तो मागे गेला होता.

शेवटची काही मिनिटं राहिली. त्यांच्या एका तरण्याबांड गड्याला बहुधा सांत्वनाचा कंटाळा आला. त्याने जवळूनच असा काही फटका मारला की चेंडू नाही, वीजकेंद्राचा बॉयलर अंगावर येतोय असं वाटलं. मी डोळे घट्ट मिटले, "काका!" म्हणून किंचाळलो आणि जीव वाचवायला खाली वाकलो.

खाड! चेंडू माझ्या टकलावर बसला, तिथून वर उडाला आणि गोलच्या दांडीवरून थेट प्रेक्षकांत गेला. मी मटकन खाली बसलो. डोळ्यांपुढे काजवे, कानात घंटा. पण चेंडू जाळ्यात नव्हता. पूर्ण सामन्यात पहिल्यांदाच!

मग काकू उठून उभी राहिली.

"ह्यांनी अडवला!" ती ओरडली. "पाहिलंत ना? ह्यांनीच अडवला!"

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, टाळ्या वाजवत होती. सगळा हॉल उठला. नेपाळचे खेळाडूही टाळ्या वाजवायला लागले. सामना संपल्यावर त्यांचा कॅप्टन बाकापाशी आला आणि त्याने तसबिरीला डोकं टेकवून नमस्कार केला. काकूने त्याच्या हातावर पेढा ठेवला. मला तेव्हा खूप बरं वाटलं. काका आता कुठेही अडकलेले नाहीत याची माझीही खात्री पटली.

पुढे कितीतरी दिवस काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला तो प्रसंग सांगत असे. "चेंडू आला, आणि ह्यांनी वरून मोहनचं डोकं धरून असं पुढे केलं!" मी शेजारी बसून मान डोलवायचो. म्हणजे हिशेब असा झाला की जेवढे गोल झाले ते सगळे माझे आणि जो एक वाचला तो काकांचा. टेंगूळ मात्र माझ्याकडे ठेवलं होतं.

वर्षश्राद्धाला आम्ही पुन्हा रामकुंडावर जमलो. पान मांडलं. मनात म्हटलं, या वेळी काही अडलं तर पुन्हा आपल्यालाच बोलावं लागेल. मी घसा खाकरला, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"काका, मी—"

कुठून आला कोण जाणे, कावळा बाणासारखा आला, पानाला शिवला आणि उडून गेला.

आत्या म्हणाली, "दादा तृप्त हाय." गुरुजी म्हणाले, "पुण्यवान आत्मा." काकूने डोळे पुसले.

मला मात्र नक्की माहीत आहे. हा पुन्हा गोलमध्ये उभा राहतो म्हणेल, या धास्तीनेच काका एवढ्या घाईने आले होते.