मामाजींची घंटा आणि माझे माईक

घरात संशयी माणूस एकच असला तर निभावून नेता येतं. आमच्या घरात दोन होते. मी माईकांवर संशय घ्यायची आणि माझे सासरे माझ्यावर.

लग्नाआधी मी नागपुरात एका स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायचं काम करायची. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावजवळच्या या गावात आले, तेव्हा नवऱ्यानं धानाची खोली रिकामी करून दिली. तिथं मी भजनी मंडळांची, दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्याची गाणी रेकॉर्ड करू लागले. खंजेरी, झांज, ढोलकी, कुणासमोर कोणता माईक ठेवायचा हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. समज कसला, माज म्हणा.

मामाजी, म्हणजे सासरे, गावच्या मंदिरात रोज सांजच्या आरतीला घंटा वाजवायचे. दोरी ओढायची घंटा नव्हे. शाळेत टांगलेली असते तशी काशाची जाड चकती, तिला लाकडी हातोडीनं टोल द्यायचे. सासूबाई गेल्या, शेती मुलाच्या हाती दिली, आणि मामाजींकडे एवढं एकच काम उरलं. ऊन कललं की आंघोळ, धुतलेलं धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. धानाचं रोवणं करणाऱ्या बाया त्यांचा टोल ऐकून बांधीतल्या चिखलातून वर यायच्या. ही घंटा हातातून गेली तर हा माणूस खाटेवरून उठणार नाही, हे मला चांगलं दिसत होतं.

एक दिवस मंदिर समितीचे अध्यक्ष घरी आले. म्हणाले, "सूनबाई, आपल्या घंटेचा आवाज भरून द्या. बाहेरगावी गेलेले पोरं मोबाईलवर आयकतीन. चांगलं जमलं तर आजूबाजूच्या साऱ्या भजनी मंडळाचं काम तुमालेच." मी हुरळून गेले.

मामाजी जेवताना म्हणाले, "मोबाईल-फिबाईल काही नाही. भोंग्यावर लावतीन. मले काढून राहिले."

"काहीतरीच काय, मामाजी. अध्यक्ष शब्द देऊन गेले."

"शब्दाले काय लागते? तोंडच लागते." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही कटात मीही आहे.

पहिल्या दिवशी मी स्टेजवर गायला वापरतात तो डायनॅमिक माईक नेला. नुसता ठोका आला, पुढचं काहीच नाही. तो जवळचंच ऐकणारा माईक, म्हणून मी त्याच्यावर खापर फोडलं. दुसऱ्या दिवशी बारीकसारीक आवाजही टिपणारा मोठा कंडेन्सर माईक नेला. त्यानं बोडीच्या पाण्यातले बेडूक ऐकले, रस्त्यावरची मोटारसायकल ऐकली, पण घंटेचा आवाज उठायचा आणि लगेच बसायचा. काशाच्या घंटेत ठोक्यानंतर खालून एक घुमारा भरून येतो आणि लांबत जातो. खरी घंटा त्या घुमाऱ्यात असते, आणि तोच गायब. मी माईक दूर नेला, कडेला नेला, मागून लावला. नाहीच.

मग मला नागपूरच्या दुकानदाराचा संशय आला. नक्कीच डुप्लिकेट माल गळ्यात मारला असणार. माईक घेऊन तडक गेले आणि भरल्या दुकानात त्याच्याशी भांडले. त्यानं शांतपणे तोच माईक लावून एक पितळी घंटी वाजवली. स्वच्छ आवाज आला. "मॅडम, माईकमध्ये काही नाही. तुमची घंटाच टिचली असंन," म्हणाला, आणि पेन्सिलीएवढ्या लहान माईकांची एक जोडी वापरून पाहायला दिली. परत येऊन मी घंटेच्या कडेवरून सगळीकडे नख फिरवलं. कुठंच चीर नव्हती. लहान माईकांनीही तेच रडगाणं गायलं.

मामाजी रोज म्हणायचे, "जाऊ दे, बाई. माईकच खराब आहे. तू तरी काय करसीन?"

इथंच माझं डोकं ठणकलं. माझ्या वरणालासुद्धा कधी चांगलं न म्हटलेला माणूस माझी समजूत काहून घालून राहिला? दाळीत काहीतरी काळं होतं.

हेडफोन लावले की मी डोळे मिटते, जुनी सवय. दुसऱ्या दिवशी मिटले आणि किंचित किलकिले केले. मामाजींच्या उजव्या हातानं झकास टोल दिला. त्याच क्षणी डावा हात घंटेच्या मागं गेला आणि एक बोट कडेला टेकलं, भाकर भाजली का पाहावं तितकं हलकं. घुमारा तिथंच मेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. याच्यापायी मी त्या भल्या माणसाशी भांडले होते. पण चार लोकांत सासऱ्याला काय बोलणार? मग मीही त्यांच्यासारखीच लबाडी केली. पुढच्या सांजेला म्हणाले, "आज काही भरत नाही, मामाजी, कंटाळा आला." आणि एक लहान माईक आधीच मंडपाच्या मागच्या खांबाला बांधून ठेवला होता.

त्या दिवशी त्यांनी मनापासून घंटा वाजवली. घरी येऊन ऐकली तेव्हा मला रडू आलं. ठोका, मग तो भरून येणारा घुमारा, त्यात दूर कुणी बैलाला हाकलल्याचा आवाज, आणि सगळं संपता संपेना. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

सकाळी मी ते रेकॉर्डिंग घेऊन मंदिरात गेले. अध्यक्ष भिंतीवर एक नवा डबा बसवून घेत होते. त्यात घड्याळ, वर भोंगा. "वेळ लावून दिली का आपोआप वाजते," ते म्हणाले. "दुसऱ्या गावची घंटा भरली तर बाया मानत नाहीत, म्हनून आपलीच पायजे. तुमचे सासरे थकले आता."

"आणि मोबाईलचं?"

"तेबी होऊन जाईन."

त्यांना लाज नावाला नव्हती. आणि मी, शिकलेली बाई, जेवणाच्या ताटावर मामाजींना वेड्यात काढत होते. मला अध्यक्षांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला. मी पेन ड्राइव्हवर आधीची, बोट लावलेली घंटा भरून दिली.

सांजेला सगळ्या गावासमोर भोंग्यातून ती वाजली. चुलीजवळ झाकण पडावं तसा आवाज. लोक हसले. अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. किती माईक बदलले हिनं." मी खाली पाहत राहिले. मामाजींनी हातोडी उचलली आणि आरती सुरू झाली. भजनी मंडळांची कामं भंडाऱ्याच्या एका माणसाला गेली. घंटा भरायलाही त्यालाच बोलावलं, पण मामाजींचं बोट त्यालाही पुरून उरलं. डबा शेवटी कोठीत गेला.

त्यानंतर एका दुपारी मामाजी पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले. दारातूनच म्हणाले, "त्या दिवशी खांबाले काय बांधलं होतं तू?"

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी ऐकलं. आवाज पूर्ण विरेपर्यंत हलले नाहीत. मग विचारलं, "इतकी वाजते हे?"

"इतकी वाजते."

"मिटव."

"मामाजी, मी कोणाला देत नाही. देवाशप्पथ."

"आज देत नाहीस. उद्याचं कोनं पाहिलं?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्यासमोर ते पुसलं. त्यांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "दुसरीकडं ठेवला असशीन," म्हणाले. मी नाही म्हटलं. ते रेकॉर्डिंग जगात आम्ही दोघांनीच ऐकलं, आणि त्यातल्या एकाचा माझ्यावर अजूनही विश्वास नाही.