अर्धा टँकर पाणी आणि १६५ चे टायर

“मॅडम, तुम्ही फक्त सही करा. बाकीचं मी बघतो.”

विक्रांत सरांनी टायर अप्रूव्हल शीट माझ्या पुढ्यात सरकवली. या कागदावर सही झाली की गाडीला तोच टायर लागतो, आणि पुढं काही वाकडं झालं की सगळ्यात आधी ती सही कुणाची हे बघितलं जातं. शीटवर आकडा होता २०५. म्हणजे टायरची रुंदी दोनशे पाच मिलिमीटर. मी पेनाचं टोपण काढलंच नाही.

टायरच्या कारखान्यात टेस्टिंगमध्ये सत्तावीस वर्षं काढून मी रिटायर झाले होते. घरी बसून चार महिन्यांत घरच्यांना नकोशी झाले, तेव्हा शेंद्र्यातल्या एका लहान कंपनीनं सल्लागार म्हणून बोलावलं. कंपनी दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवत होती. वजन जेमतेम साडेसहाशे किलो. चार माणसांनी धरली तर बाजूला सरकेल अशी. विक्रांत सर मालक. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, कष्टाळू आणि हट्टी. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमच्या मीटिंगा लांबायच्या.

“२०५ नको. १६५ लावा,” मी म्हणाले.

“१६५? मॅडम, ही स्पोर्ट्स कार आहे. लोक म्हणतील स्कूटरचे टायर लावले.”

“लोक बाहेरून बघणार आहेत. सत्तारभाई आत बसणार आहेत.”

सत्तारभाई आमचे टेस्ट ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेले, शांत, पान खाणारे, आणि स्टेअरिंगवर हात ठेवला की गाडीला काय दुखतंय ते सांगणारे. जुलैपासून ते ही गाडी रोज अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरपर्यंत नेणार होते आणि परत आणणार होते. सगळा पावसाळा. मी ज्या टायरवर सही करणार, त्याच टायरवर. मला दुसरी कसलीच काळजी नव्हती, ही एकच होती.

रुंद टायर वाईट असतो असं नाही. कोरड्या रस्त्यावर तो झकास. पण टायरला पावसात एक जादा काम असतं, खालचं पाणी बाजूला सारून रस्ता गाठायचा. त्यासाठी वरून वजन लागतं. पाण्यानं भरलेल्या परातीत पसरलेला तळहात ठेवा आणि मग एक बोट घाला, फरक लगेच कळतो. जड गाडी रुंद टायरसुद्धा दाबून तळाला नेते. हलकी गाडी त्याच टायरवर पाण्यावर तरंगते. एकदा तरंगली की स्टेअरिंग फिरवा, ब्रेक मारा, तिला त्याचं काही नसतं.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचा अनुभव मोठा आहे, मॅडम. पण मला दाखवा. दिसलं तर मी १६५ लावीन. नाही दिसलं तर तुम्ही सही करायची.”

माणूस सरळ होता. मी हो म्हणाले.

महिना मे. ओल्या रस्त्याची टेस्ट करायची तर पाणी पाहिजे. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याचे हिशेब घरोघरी चालतात, तिथं मी रस्त्यावर ओतायला पाणी मागत होते. सरांनी कुठूनतरी बोअरच्या पाण्याचा टँकर मिळवला. करमाडच्या बाजूला एमआयडीसीचा एक रस्ता तयार होऊन पडला होता, अजून वाहतूक सुरू नव्हती. सरळ रस्ता, दोन्हीकडं मोकळा माळ. लागणाऱ्या परवानग्या घेतल्या आणि सकाळी दहाला आम्ही पोचलो.

टँकरचा व्हॉल्व्ह उघडला, तसा माळावरून एक मेंढ्यांचा कळप आमच्याकडं वळला. मागं एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला पटका, खांद्यावर काठी. ते रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले आणि वाहणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले.

“काय चाललंय, बाई?”

“गाडीच्या टायरची टेस्ट आहे, मामा.”

“जनावराला पाजायला पानी नाय, अन् तुमी डांबराला पाजताय?”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी मान खाली घातली आणि टँकरवाल्याला व्हॉल्व्ह अर्धा करायला सांगितलं. लाज वाटली म्हणून सांगितलं, टेस्टला तेवढं पुरतं म्हणून नाही. ही माझी पहिली चूक.

सत्तारभाईंनी २०५ च्या टायरवर गाडी नेली. पन्नास, साठ, सत्तर. गाडी रुळावर असल्यासारखी सरळ गेली.

“एकदम मक्खन, मॅडम,” ते खिडकीतून म्हणाले. मग माझं तोंड बघून काच वर केली.

विक्रांत सरांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. “बोललो होतो.”

मी रस्त्यावर उकिडवी बसले आणि स्टीलची पट्टी उभी धरली. पाणी नावाला ओलं करण्यापुरतं. तापलेल्या डांबरावरून वाफ निघत होती, उरलेलं दोन्ही कडांना पळत होतं. टायर तरंगायला पाणी साचावं लागतं. इथं रस्ता फक्त ओला झाला होता, आणि नुसत्या ओल्या रस्त्यावर रुंद टायर छान चालतो. टेस्ट झालीच नव्हती.

“आणखी एक टँकर लागेल,” मी म्हणाले.

सर हसले. “हरल्यावर?”

“टेस्ट चुकली. मी पाणी कमी टाकलं. मला परत करायची आहे.”

मेंढ्यावाले मामा अजून तिथंच होते. त्यांच्यासमोर आणखी पाणी मागताना माझी जीभ जड झाली होती. पण खोट्या टेस्टवर सही करणं मला त्याहून जड होतं. मी उठून त्यांच्यापाशी गेले. नाव विचारलं, तर म्हणाले खंडूजी. मग सत्तारभाईंकडं बोट दाखवून सांगितलं, “मामा, हा माणूस पावसाळ्यात रोज अजिंठ्याचा घाट उतरणार आहे. चाक पाण्यात निसटतं का ते मला आत्ता बघायचंय. तेव्हा बघून उपयोग नाही.”

खंडूमामांनी सत्तारभाईंना नीट न्याहाळलं. “लेकरं किती?”

“तीन. बडीची शादी ठरलीय,” सत्तारभाई म्हणाले.

मामांनी काठी रस्त्याच्या मध्याकडं रोखली. मग म्हणाले, “इथं धा टँकर वता, पानी ऱ्हायचं नाय. रस्ता मधी फुगीर हाय, दिसंना का तुमाला? तिकडं म्होरं मोरी हाय. तिचं तोंड गाळानं बुजलंय, रस्ता तिथं खोलगट हाय. पाऊस उघडला तरी दोन दोन दिस पानी हालत नाय. माझी मेंढरं तिथंच पितात.”

मला स्वतःचा राग आला. सत्तावीस वर्षं मी तयार ट्रॅकवर काम केलं होतं, जिथं बटण दाबलं की पाणी हवं तेवढं साचतं. रस्त्याचा उतार बघायची माझी सवयच गेली होती, ही माझी दुसरी चूक. पाणी कुठं थांबतं हे ज्याला रोज शोधावं लागतं, त्याला ते माहीत होतं.

मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या त्या बुजलेल्या वाटेपाशी, जाऊन मी माप घेतलं. अर्ध्या टँकरमध्ये काम भागणार होतं.

“मग उरलेला अर्धा?” सरांनी विचारलं.

“मेंढ्यांना. आधी त्यांना, मग रस्त्याला.”

“मॅडम, टायरच्या टेस्टमध्ये मेंढ्या कुठून आल्या?”

“जागा त्यांनी दाखवली, म्हणून आल्या.”

दुसऱ्या दिवशी सहाला, डांबर थंड असताना गेलो. खंडूमामांनी मेंढ्यांना पाणी पाजायच्या दोन जुन्या डोण्या तयार ठेवल्या होत्या. मेंढ्यांचं पिऊन झालं आणि आम्ही मोरीपाशी पाणी सोडलं. पाणी थांबलं. पट्टीवर आठ मिलिमीटर.

२०५ चे टायर, पन्नासचा वेग. ठीक. साठला सत्तारभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. सत्तरला गाडी पाण्यात शिरली, पुढचं नाक किंचित उचलल्यासारखं झालं, आणि ती तिरकी होऊन डाव्या बाजूला माळावर उतरली. थोडी धूळ उडाली. खंडूमामा काठी टेकवून उभे होते, ते दोन पावलं मागं सरले. मी गाडीकडं धावले. सगळं ठरवून, मोकळ्या जागेत चाललं होतं, तरी धावले.

सत्तारभाई उतरले. “स्टेअरिंग हातात आहे, पर हाथ में कुछ हैच नहीं, मॅडम. कागद धरल्यासारखं वाटलं.”

लॉगरवर, म्हणजे चाकाचा आणि गाडीचा वेग नोंदवणाऱ्या यंत्रावर, तेच दिसलं. गाडी पुढं चाललेली आणि पुढची चाकं जवळजवळ थांबलेली.

१६५ चे टायर चढवले. साठ गेलं. सत्तर गेलं. तेव्हा विक्रांत सर सत्तारभाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि बेल्ट लावला. ऐंशीला गाडी पाणी दोन्हीकडं फाडत सरळ निघाली. सर परत आले तेव्हा त्यांचा शर्ट एका बाजूनं भिजला होता. त्यांनी शीट घेतली, २०५ वर काट मारली, १६५ लिहिलं आणि मला दिली.

“पण दिसतात बारीक,” ते म्हणाले.

“फोटो दुरून काढा.”

मी सही केली.

त्यानंतर मला कुणी टायर निवडण्याबद्दल विचारलं, की मी आधी गाडीचं वजन विचारते, आणि टेस्ट कुठं घ्यायची असेल तर आधी तिथं राहणाऱ्या माणसाला विचारते. पदवीच्या पुस्तकात दोन्हींपैकी पहिलीच गोष्ट होती.

ऑगस्टमध्ये फर्दापूरच्या उतारावर एका वळणाला रस्त्यावरून पाणी वाहत होतं. संध्याकाळी मी लॉगबुक उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात सत्तारभाईंनी त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: “वळणावर पाणी लागलं. गाडी गेली. सीट टोचते.” सीटचं काम माझ्याकडं नव्हतं.