झाकणाच्या आतल्या खुणा

मुनव्वरभाई चिडत न्हाय. कोल्हापुरात पापाच्या तिकटीवर कुणालाबी इचारा, हेच सांगतील. साठी उलटली, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणतो, "घड्याळ हाय पावणं, भजी न्हाईत." मी कृष्णात, त्याच्या शेजारी इस्त्री करतो, सव्वीस वर्षं झाली. या माणसाचा आवाज चढलेला एकदाच ऐकला, गेल्या मंगळवारी. आणि खरं सांगतो, त्याच्या आधी माझंच डोस्कं फिरलंतं.

विजयसिंह आपल्या आत्याला घेऊन आला. घेऊन कसला, फरपटत आणलं म्हणा की! तिला सगळी आक्काच म्हणतात. नवरा लवकर गेला, माहेरी आली, भावाची पोरं वाढवली. हा विजयसिंह तिच्याच मांडीवर थोरला झाला. बारा वर्षांमागं भाऊ गेला, तेव्हा वडलांचं सोन्याचं मनगटी घड्याळ तिच्या हवाली करून गेला.

विजयसिंहानं ते घड्याळ मुनव्वरभाईच्या टेबलाच्या काचेवर आदळलं. "नकली हाय हे! मुंबईच्या व्यापाऱ्यानं फोटो बघून सांगितलं. सोन्याचा शिक्का न्हाय, कडा गोल. कपाटाची किल्ली हिच्याकडं. अस्सल कुणाला दिलं, इचारा हिला."

भर रस्त्यात! लाज न्हाय, शरम न्हाय. माझ्या हातात तापलेली इस्त्री हुती, देवानंच वाचवलं त्याला. आक्का खाली बघून एवढंच बोलली, "मुनव्वर, तू बघ बाबा."

मुनव्वरभाईनं घड्याळ कानाला लावलं. मग उजेडात धरून कडांवरनं अंगठा फिरवला. "ह्याला पॉलिश कोण करतंय?"

"मी. दर खंडेनवमीला," विजयसिंह छाती फुगवून म्हणाला. "तलवारीसंगं पूजेला मांडतो न्हवं. आदल्या दिवशी गुजरीत सराफाकडं न्हेऊन चकाचक करून आणतो. एक वरीस चुकवलं न्हाय."

"बारा वर्षं?"

"मग!"

तिथं मुनव्वरभाई उठून हुबा राहिला. "आरं गाढवा! मशीनवर घासून घासून शिक्का तूच खाल्लास की! कडाबी तूच खाल्ल्यास. सोनं हाय ते, पितळंची समई न्हवं! आणि नाव ह्या माउलीचं घेतोस?"

रस्त्यावरची माणसं थांबली. त्यानं मागचं झाकण फिरवून काढलं आणि भिंग विजयसिंहाच्या हातात कोंबलं. "बघ. हितं आत पॉलिश पोचत न्हाय. शिक्का दिसतोय का? त्याच्या खाली सुईनं कोरलेलं वाच."

घड्याळ उघडणारा कारागीर झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरतो, ही ह्यांची जुनी रीत.

"एकाहत्तर," विजयसिंह पुटपुटला.

"ते माझ्या अब्बांचं. फुडं?"

"अठ्ठ्याऐंशी... दोन हजार चार... एकोणीस."

"ती तिन्ही माझी. एकोणीस साली हीच आक्का घेऊन आलती. आतलं मशीन तेच, तबकडी तीच, काच तेवढी मी बदलली. घड्याळ अस्सल हाय. खोटा तू हाईस!"

विजयसिंहाचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं आक्का," म्हणत तो पायावर वाकला.

आक्कानं पाय मागं घेतलं. पदराच्या गाठीतनं कपाटाची किल्ली सोडली आणि घड्याळाशेजारी ठेवली.

"घड्याळ उघडून बघितलंस, तवा तुझा इश्वास बसला," ती म्हणाली. "मला कुठं उघडून दाखवू रं?" मग मुनव्वरभाईला म्हणाली, "मी मुरगूडला धाकट्या भणीकडं जातो. येतो बाबा."

ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली. हा शहाणा किल्ली हातात घेऊन नुसता बघत राहिला. मी म्हणालो, "आरं जा की तिच्या मागनं, मुडद्या!" तवा कुठं पळाला. पर आक्कानं वळून बघितलं न्हाय.

मुनव्वरभाईनं झाकण पुसलं, तारीख कोरायला सुई उचलली आणि परत खाली ठेवली.

"आजची न्हाय घालत, कृष्णात," म्हणाला आणि झाकण तसंच बसवलं.